मावण्यापुरतं

मोठी गाडी विकायची, गाड्या-घरं दोन्ही बघणाऱ्या दलालाकडची छोटी घ्यायची आणि मधल्या पैशांत घराचा विसार द्यायचा, असं नवऱ्याने जेवताना काढलं, तेव्हा सुनेच्या डोळ्यांपुढे आधी सासरे आले. समोरच बसलेले, आमटी भुरकत.

अप्पांचा उभा जन्म मालट्रकवर गेला. अर्धांगाच्या झटक्याने डावी बाजू नेली, ऐट मात्र नेली नाही. त्यांची चाकाची खुर्ची आणि मोठ्या गाडीची सीट एका उंचीची. मधे फळी टाकली की उजव्या हाताच्या जोरावर ते स्वतःच आत सरकत, कोणाला हात लावू देत नसत. व्यायामाच्या दवाखान्यात जायचं ते असंच, रुबाबात. छोट्या गाडीची सीट बुटकी होती. तिच्यात त्यांना उचलूनच ठेवावं लागणार होतं.

बरं, घर हवं होतं तेही त्यांच्यासाठीच. सध्याची भाड्याची जागा वरच्या मजल्यावर, आणि लिफ्ट लहरी. ती रुसली की अप्पा दिवसच्या दिवस खिडकीशी बसून खालच्या गाड्यांचे गिअर ऐकत. पाहिलेलं घर तळमजल्यावर होतं. दारं रुंद, पायरी एकही नाही. असं घर पुन्हा मिळणार नाही हे सगळ्यांनाच कळत होतं, अप्पांना तर जास्तच.

"बघू तरी जमतं का," म्हणत नवऱ्याने त्यांच्या काखेत हात घातले, खुर्चीतून वीतभर वर काढलं आणि धापा टाकत परत टेकवलं. "अप्पा, तुमच्यासाठी क्रेनच बोलवायला हवी. जरा निम्मे व्हा, मग बघू."

"होतो की," अप्पा म्हणाले. "दलालाला तेवढं थांबायला सांग."

सगळे हसले. नात चिमीसुद्धा हसली, तिला काही कळलं नव्हतं तरी.

त्यानंतर घरात जे सुरू झालं ते इतकं हळू, की त्याला आवाजच नव्हता. अप्पांनी दुसऱ्यांदा भात घेणं सोडलं. मग पहिल्यांदाचा निम्मा चिमीच्या ताटात जाऊ लागला. आजोबा-नातीचे लाड म्हणून सुनेला कौतुकच वाटलं. संध्याकाळी "आज पोट जड आहे गं" हे ठरलेलं. वयच झालं, असं म्हणून ती मशीनवर बसायची. लोकांचे कपडे घट्ट-सैल करून देणं हा तिचा धंदा. रस्त्याने चाललेल्या माणसाची कंबर ती नुसत्या नजरेने सांगायची. घरच्या माणसाला मात्र रोज बघायची, म्हणजे कधी बघितलंच नव्हतं.

मग ऐन उन्हाळ्यात अप्पांनी स्वेटर चढवला. थंडी वाजते म्हणाले. तिने कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. आंघोळ ते स्टुलावर बसून एकटेच करत. पूर्वी दार नुसतं लोटलेलं असे, आता आतून कडी लागू लागली.

एकदा तिच्या पेटीतला चामड्याला भोकं पाडायचा पंच नाहीसा झाला, तो अप्पांच्या उशाखाली सापडला. चिमीने खेळायला नेला असणार, म्हणून तिने पोरीला चांगलं फैलावर घेतलं. नातीला कोणी हूं केलेलं न खपणारे अप्पा त्या दिवशी मान खाली घालून ऐकत राहिले. ते गप्प बसणं तिला खटकलं. पण दूध उतू जात होतं, दाराशी गिऱ्हाईक उभं होतं, आणि ते खटकणं तिथेच राहिलं.

दवाखान्यातल्या बाईंनीही विचारलं, यांच्या हातातला जोर कमी कसा झाला? नवरा म्हणाला, कंटाळा करतात.

तळमजल्याच्या घराच्या मालकाने घाई केली तशी दलाल छोटी गाडी दारात घेऊन आला. नवऱ्याने दम भरून घेतला, अप्पांना धरलं, आणि ते इतके झटकन वर आले की त्याचाच तोल गेला.

"जमलं की!" नवरा खूश झाला. "उगाच घाबरत होतो."

अप्पा बुटक्या सीटवर बसून पोरासारखे हसत होते. स्वेटर वर सरकला होता. पट्ट्याचं टोक कमरेला वळसा घालून पार पाठीमागे खोचलेलं सुनेला दिसलं, आणि त्यावर ओळीने पाडलेली भोकं, एकसारखी, सफाईदार. तिने स्वेटरखाली हात घातला. शर्टाखाली शर्ट, त्याखाली आणखी एक. त्याच्याखाली बरगड्या लागल्या.

"गाडी द्यायची नाही," ती म्हणाली.

दलालाने नवऱ्याकडे पाहिलं. घराला दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, हेही बोलून घेतलं. नवरा तिच्यावर चिडणारच होता. तिने काही न बोलता त्याचा हात धरून त्या बरगड्यांवर ठेवला. 

"तू मधे पडू नकोस," अप्पा पहिल्यांदाच तिच्यावर डाफरले. "जमत आलंय माझं. एवढं केलेलं वाया घालवतेस?"

"घर राहू दे अप्पा. तुम्ही जेवा."

दलाल गेला. दिवे लागायच्या आत, घर दुसऱ्याला दिलं म्हणून मालकाचा फोन आला. नवऱ्याने फक्त बरं म्हटलं आणि अप्पांच्या पायाशी जमिनीवर येऊन बसला. "मी चेष्टेत बोललो होतो हो," एवढंच म्हणाला. अप्पांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताला वजनच नव्हतं.

तिने भात मऊ शिजवला, दुधात कालवला. अप्पांनी या वेळी काही सबब सांगितली नाही. दोन घास मुकाट्याने घेतले. तिसरा तोंडात फिरत राहिला, मग ओठांतून परत चमच्यात आला. त्यांनी पुन्हा घेऊन पाहिला, तो पुन्हा आला.

"आता खायचं म्हणतोय गं," ते ओशाळून म्हणाले, "पण जातच नाही."

तिने पदराने त्यांची हनुवटी पुसली. नवरा दवाखान्याचा नंबर लावत होता, घंटी वाजत होती, कोणी उचलत नव्हतं. तिने पुन्हा चमचा भरला, होता त्याहून निम्मा, आणि अप्पांनी तिच्या समाधानासाठी तोंड उघडलं.