एकतिसाव्या फेरीची ओळ

कवळ्या बनवणं हा त्याचा धंदा आणि वेबसाइट चालवणं हे त्याचं खूळ, अशी वाटणी बायकोने लग्नानंतर दोनच वर्षांत करून टाकली होती. तो स्वतः दोन्हींना कामच म्हणायचा. खरं सांगायचं तर कवळीला दात बसवताना त्याचं लक्ष कधीमधी उडायचं; वेबसाइटवर मात्र नाही.

दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे. मागच्या खोलीतल्या लांब बाकावर बसून तो त्यांवर मेणाच्या हिरड्या चढवायचा, दात लावायचा, घासायचा. बाकाच्या दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटर होता. प्लास्टरची धूळ बसू नये म्हणून त्याला उशीचा जुना अभ्रा घातलेला असायचा, आणि शर्यतीच्या दिवशी तेवढा तो निघायचा.

"उठली का माझी सवत?" बायको दारातून विचारायची.

"उठली. चहा दे तिला."

"तिला नको, तुम्हालाच देते. ती निदान मागे लागत नाही."

जगभर फिरणाऱ्या मोटारशर्यतींच्या त्या मालिकेवर त्याची वेबसाइट चौदा वर्षं चालू होती. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं की शर्यती भरवणाऱ्या कंपनीशी आमचा काडीचाही संबंध नाही. कंपनीलाही तो नकोच होता. तिने दोनदा नोटीस पाठवून मालिकेचं चिन्ह काढायला लावलं होतं, आणि त्याने मुकाट्याने काढलं होतं. पण आकडे कोण काढायला लावणार? प्रत्येक शर्यतीची प्रत्येक फेरी त्याच्याकडे नोंदलेली होती. एकदा कंपनीच्याच निकालात अकरावा आणि बारावा उलटसुलट छापले गेले होते. ते याने दाखवून दिलं आणि चार दिवसांनी कंपनीने गुपचूप दुरुस्त केलं. आभार वगैरे काही नाहीत. पण तेव्हापासून वाचक म्हणू लागले, कंपनी चुकेल, फेरीवाला चुकणार नाही. फेरीवाला म्हणजे हाच. शर्यत चालू असताना तो दर फेरीला एक ओळ लिहायचा, म्हणून वाचकांनी ठेवलेलं नाव. बायकोला ते कळलं तेव्हा ती हसून हसून लोळायची बाकी राहिली होती. पण त्याला स्वतःला ते नाव फार आवडायचं, आणि चुकणार नाही हे त्याहून जास्त.

तीन वर्षांपूर्वी त्याला एक मेल आली होती. ‘मी सत्तावीस नंबरची आई. मी घरी एकटी असते. टीव्हीवर मला बघवत नाही, आणि न बघताही राहवत नाही. तुमचं पान वाचते. तुम्ही पुढच्या गाड्यांचं लिहिता, ते बरोबरच आहे. पण दर फेरीला माझा मुलगा आला एवढं लिहिता येईल का? कितवा ते नको. आला एवढंच.’

कोणीतरी चेष्टा करतंय असं त्याला आधी वाटलं. मग सोबतचा फोटो त्याने उघडला. खेळण्यातल्यासारख्या छोट्या रेसिंग गाडीत सातेक वर्षांचा मुलगा, पुढचे दोन दात पडलेले, आणि त्या भगदाडासकट खुशाल हसतोय. दात-जबड्यांच्या बाबतीत त्याला कोणी फसवू शकत नव्हतं. खालचा जबडा जरा डावीकडे सरकलेला, तो आजच्या सत्तावीस नंबरच्या ड्रायव्हरचाही तसाच होता.

सत्तावीसची गाडी म्हणजे आनंदच होता. टीम गरीब, इंजिन दुसऱ्यांनी वापरून टाकलेलं. अठरावा, एकोणिसावा, असे त्याचे नंबर. टीव्हीचा कॅमेरा तिकडे वळायचाच नाही. त्यामुळे त्या बाईंना ती बातमी दुसरीकडे मिळालीही नसती. पुढच्याच शर्यतीपासून त्याच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन शब्द लागले : ‘सत्तावीस आली.’ वाचकांना गंमत वाटली. ते एकमेकांना नमस्काराऐवजी तेच लिहू लागले. खरं कारण त्याने फक्त बायकोला सांगितलं होतं. त्यानंतर शर्यतीच्या वेळी त्याला मध्येच उठवून दुकानात पाठवणं तिने बंद केलं.

आता यातली मेख अशी, की एक फेरी दीड मिनिटाची. तेवढ्यात वेळा बघायच्या, कोण कोणाला मागे टाकतोय ते बघायचं, ते मराठीत धड वाक्यात लिहायचं आणि पाठवायचं. त्याला काय दहा हात होते? म्हणून तो एक सोय करायचा. पुढच्या फेरीचा आकडा आणि शेवटचे दोन शब्द आधीच टाइप करून ठेवायचे. मधला मजकूर भरायचा, मग कंपनीच्या टायमिंगच्या पानावर सत्तावीसच्या रांगेत नवी वेळ पडेपर्यंत थांबायचं, आणि ती पडली की बटण दाबायचं. पहिल्या गाडीनंतर सत्तावीस येईपर्यंत पाऊण मिनिट जायचं. तेवढं पाऊण मिनिट थांबणं, बस, एवढाच काय तो नियम होता. तीन वर्षं त्याने तो पाळला होता.

त्या दुपारी एकतिसाव्या फेरीला पुढच्या दोघांची अशी काही जुंपली की चाकाला चाक घासलं. हंगामाचं विजेतेपद त्या दोघांतच होतं. पानावर चारशेबारा वाचक होते आणि सगळे एकदम ओरडत होते, म्हणजे तसं लिहीत होते. त्याने वाक्य झोकात लिहिलं आणि झोकातच बटण दाबलं.

‘फेरी ३१ : दुसऱ्याने आतून घुसून आघाडी घेतली, चाकं घासली, दोघेही वाचले. सत्तावीस आली.’

मग त्याने टायमिंगच्या पानाकडे पाहिलं. सत्तावीसच्या रांगेत तिसाव्या फेरीचीच वेळ होती.

येईल आता, असं तो स्वतःशीच म्हणाला. बाकीच्या मागच्या गाड्यांच्या वेळा पडल्या. सत्तावीसची रांग तशीच राहिली, आणि मग करडी झाली, म्हणजे गाडीकडून वेळ येणंच थांबलं.

गाडीतलं वेळ पाठवणारं यंत्र कधीकधी बंद पडतं. या हंगामात दोनदा पडलं होतं. तो त्या आशेला घट्ट धरून बसला. तेवढ्यात टीव्हीवर पिवळे झेंडे दिसले आणि सेफ्टी कार बाहेर आली, म्हणजे रस्त्यावर काहीतरी पडलंय, सगळ्यांनी तिच्यामागून सावकाश चालायचं. आता अपघात दाखवतील म्हणून तो वाट पाहू लागला. त्यांनी पुढच्या दोघांची झटापट दाखवली. पुन्हा दाखवली. मग प्रेक्षकांतल्या टोप्या दाखवल्या, मग आकाश.

चौदा वर्षं शर्यती बघणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. ड्रायव्हर सुखरूप बाहेर आला असेल तर तीच टक्कर चार बाजूंनी चारदा दाखवतात. काहीच दाखवत नाहीत, तेव्हा दाखवण्यासारखं उरलेलं नसतं.

‘फेरी ३२ : सेफ्टी कार. सगळ्या गाड्या हळू.’ एवढंच त्याने लिहिलं. शेवटचे दोन शब्द पुसून टाकताना त्याच्या लक्षात आलं की नसलेले शब्दसुद्धा सत्तावीसची आई वाचणारच.

मिनिटभरात तिची मेल आली. ‘बत्तीसला लिहिलं नाहीत.’

बायको इस्त्रीचे कपडे ठेवायला आली होती. त्याचा चेहरा पाहून तिने कपडे तिथेच साच्यांवर ठेवले.

"काय झालं?"

"सत्तावीस आली नाही. आणि मी आली म्हणून लिहिलं."

तिने वाकून पान वाचलं. "मग खोडा ना!"

"खोडलं तर तिला काय वाटेल?"

"मग खरं काय ते लिहा."

"खरं मला कुठे माहीत आहे? इथे या खोलीत बसून मला काय दिसतंय? टीव्हीवर दिसतं तेच."

"तिकडे कोणाला तरी फोन करा."

"कोणाला करू? मला तिथे ओळखतं कोण?" तो ओरडलाच. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्याला हे धडधडीत कळत होतं. त्या शर्यतीचा प्रत्येक सेकंद त्याच्याजवळ होता, आणि त्या मैदानावरचा झाडूवालासुद्धा त्याला ओळखत नव्हता. तरी त्याने कंपनीच्या पत्त्यावर मेल टाकली. आपला संदेश मिळाला, सात दिवसांत उत्तर देऊ, असं उत्तर लगेच आलं.

तेहेतीस, चौतीस, पस्तीस. सेफ्टी कार फिरत होती. पानावरचे वाचक विचारत होते, सत्तावीस कुठे आहे, फेरीवाल्या? तो कोणालाच उत्तर देत नव्हता. बातमी कळली की एकदमच सगळं नीट लिहू, असं तो मनाला सांगत होता. हा शुद्ध भित्रेपणा होता आणि हेही त्याला कळत होतं.

मग तिची दुसरी मेल आली. नेहमीपेक्षा मोठी होती.

‘टीमच्या माणसाचा फोन आला होता. म्हणाला, एकतिसाव्या फेरीला वळणावर अपघात झालाय, हेलिकॉप्टरने नेतायत, तुम्ही निघायची तयारी करा. मी त्यांना म्हटलं, तुमची काहीतरी गल्लत झाली आहे. एकतिसाव्या फेरीला तो आलाय, माझ्यासमोर लिहिलेलं आहे. ते काहीतरी समजावत होते, पण मी फोन ठेवला. ते लोक घाईत असतात, तुमच्यासारखं बघत नाहीत. आता परत फोन वाजतोय. मी उचलत नाहीये. दुसरी कोणती गाडी असेल ना? तुम्ही एकदा सांगा, म्हणजे मी त्यांना सांगेन.’

त्याने ती बायकोला वाचून दाखवली.

"ती फोन उचलत नाहीये," बायको म्हणाली. "तुमच्यापायी उचलत नाहीये ती."

"मला माहीत आहे."

"अहो, तिला निघायचं असेल. तिकडे तो..." तिने वाक्य सोडून दिलं. "बाकीचं तुम्हाला माहीत नाही, ठीक आहे. तुम्ही लिहिलं ते खोटं आहे, एवढं तर माहीत आहे ना? तेवढंच लिहा. आत्ता लिहा."

लिहायला दोन ओळीसुद्धा लागणार नव्हत्या. त्याने कीबोर्ड पुढे ओढला.

‘एकतिसाव्या फेरीला सत्तावीस आली नाही. मी न बघता लिहिलं. चूक माझी आहे, टीमची नाही. फोन उचला.’

पाठवलं. मग पानावर जाऊन त्याने एकतिसाव्या ओळीतले ते दोन शब्द काढले आणि खाली जाहीर लिहिलं की फेरीवाला चुकला. वाचकांनी कोणी काय म्हटलं ते त्याने वाचलं नाही. कोणी त्याला त्या क्षणी फाडून खाल्लं असतं तरी त्याला बरंच वाटलं असतं.

तो आणि बायको पडद्याकडे बघत बसले. ती फोनवर असेल, बायको म्हणाली. असेल, तो म्हणाला. टीव्हीवर सेफ्टी कार आत गेली, गाड्या सुटल्या, आणि समालोचक पुन्हा पहिल्यासारखा ओरडू लागला. सत्तावीसबद्दल तो एवढंच म्हणाला की अधिक माहिती अद्याप मिळालेली नाही.

चाळिसाव्या फेरीला मेल आली.

‘गाडी येतेय न्यायला. दहा मिनिटं आहेत. तिसाव्या फेरीला तरी आला होता ना?’

त्याला वाटलं होतं ती शिव्या घालेल. शिव्यांना तोंड द्यायची त्याने तयारी करून ठेवली होती. याची नव्हती. तिसाव्या फेरीला आपण थांबलो होतो का, रांग बघितली होती का, हे त्याला शपथेवर सांगता येईना. त्याने टायमिंगचं पान वर सरकवलं, सत्तावीसची रांग शोधली, आकड्यावर बोट ठेवलं आणि बायकोलाही बघायला लावलं.

‘हो. आला होता. एक मिनिट तेहेतीस सेकंद.’

लगेच उत्तर आलं. ‘एकोणतिसाव्या?’

‘आला होता. एक मिनिट तेहेतीस.’

‘अठ्ठाविसाव्या?’

बायको आता आकडे वाचून सांगत होती आणि तो टाइप करत होता. आला होता. सत्ताविसाव्यालाही. सव्विसाव्यालाही आला होता.