इस्त्रीने उडणारी शाई

दिवसभर मशीन मारून शिंपीणबाईंचा हात संध्याकाळी असा थरथरायचा, की सही म्हणजे कोंबडीचे पाय. बँकेने एकदा सही जुळत नाही म्हणून चेक परत पाठवला. तेव्हापासून बाई चेकवर सही सकाळीच करून ठेवायच्या, पक्क्या शाईने. नाव-रक्कम मग सवडीने.

त्या सोमवारचा चेक धाकटीच्या ऑपरेशनचा होता. धाकटी म्हणजे पाठची बहीण. दोघींना एकमेकींवाचून तिसरं कुणी नव्हतं. तिच्या पोटात गाठ होती. पुढच्या बुधवारपर्यंत पैसे पोहोचले तर शुक्रवारी ऑपरेशन, नाहीतर थेट चार महिन्यांनी. आणि गाठ काही चार महिने थांबायची नाही, हे डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

गिऱ्हाईक डोक्यावर उभं. बाईंनी गळ्यात टेपशेजारी लटकणारं पेन ओढलं, हॉस्पिटलचं नाव लिहिलं, रक्कम लिहिली, मागे धाकटीचं नाव घातलं. कोपऱ्यावरची टपालपेटी तुडुंब भरलेली. पाकीट अर्धं बाहेरच राहिलं.

"बाई, पोस्टात जाऊन हातात द्या की!" समोरचा औषधवाला ओरडला. "पेटीतली पत्रं चोरीला जातायत."

"मेल्या, त्यात काय हिरेमाणकं आहेत? चेक ज्याच्या नावाचा, त्यालाच मिळतो!"

अहो, पोस्ट दोनशे पावलांवर होतं! पण बैल गेल्याशिवाय झोपा करायचं कुणाला सुचलंय?

पुढच्या गुरुवारी सकाळी हॉस्पिटलमधून फोन आला, पैसे आलेच नाहीत. बाई धावत बँकेत गेल्या. कारकुनाने चेक पुढ्यात ठेवला. नाव कुणा परक्याचं, आणि रक्कम सगळं खातं धुऊन नेणारी.

"सही तुमचीच ना?"

"सही माझीच. पण बाकीचं अक्षर माझं नाही हो!"

"खाडाखोड तर कुठेच नाही."

बाईंनी चेक उलटा केला. धाकटीचं नाव नव्हतं. कागदाला किंचित करपल्याचा वास होता. त्यांचा हात आपसूक गळ्यातल्या पेनाकडे गेला. कापडावर खुणा करायचं पेन ते. इस्त्री फिरवली की शाई गायब. रोज शंभर खुणा त्या स्वतःच उडवत होत्या. चोराला ते कळलं, आणि त्यांच्या मात्र ध्यानात आलं नाही.

"तक्रार लिहून द्या," कारकून म्हणाला. "चौकशीला तीन महिने तरी लागतील."

पायरी उतरताना फोन वाजला. धाकटी होती.

"ताई, उद्याचं ऑपरेशन, म्हणून आज दुपारपासून काही खायचं नाही म्हणे. बघ, मी ताट बाजूला सारलं. बरी झाले की तूच भरवायचंस हं, नाहीतर रुसेन."

बाईंनी गळ्यातलं पेन हिसडून काढलं. स्वतःचीच इतकी चीड त्यांना जन्मात आली नव्हती.

"ताई? ऐकतेयस ना?"

"धाकटे," बाई म्हणाल्या, "ताट पुढे ओढ. पोटभर जेवून घे."