परसातली पाळत

आनंदीबाईंनी उभ्या आयुष्यात कोंबडीला हात लावला नव्हता. अंड्याचा केकसुद्धा त्यांच्या घरात खिडक्या उघडून खाल्ला जाई. त्याच आनंदीबाई वयाच्या चौसष्टाव्या वर्षी वाघोलीच्या एका रो-हाउसमागे उभ्या राहून रोज उजाडता दहा कोंबड्यांना आणि एका कोंबड्याला “चला, या बाहेर” म्हणून हाका मारत होत्या.

याला कारण त्यांचा मुलगा आमोद. तो आणि त्याची बायको सलोनी, दोघंही हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत. करोनाच्या टाळेबंदीत दोघांची ऑफिसं घरात आली आणि नारायण पेठेतल्या दोन खोल्या पुरेनाशा झाल्या. एकाची मीटिंग सुरू असली की दुसऱ्याने बाथरूममध्ये जाऊन बोलायचं आणि आनंदीबाईंनी मिक्सर लावायचा नाही, असं किती दिवस चालणार? शेवटी त्या खोल्या विकून वाघोलीला घर घेतलं. मागे ऐसपैस परस होतं. ऑफिसला आता कधी जावंच लागणार नाही, याची तेव्हा सगळ्यांनाच खात्री होती.

आमोदने व्हिडिओ पाहून पाहून पत्र्याचं खुराडं उभं केलं, वाफे आखले, ठिबकच्या नळ्या अंथरल्या. केसनंदच्या, कोंबड्या पाळणाऱ्या गेनबाकडून पिल्लं आणली. टॉफी नावाची कुत्री आणली. पहिलं अंडं मिळालं त्या दिवशी ते तळहातावर घेऊन तो घरभर फिरला. “आई, हात लावून बघ, गरम आहे!” म्हणाला. आनंदीबाईंनी बघितलं. वडील गेल्यापासून पोरगा इतका मोकळा हसलेला त्यांनी पाहिला नव्हता. ते दिवस चांगले होते, हे त्या कधीच नाकारत नसत.

मग ऑफिसने बोलावलं. आधी आठवड्यातून दोन दिवस, नंतर तीन, नंतर रोज. वाघोली शहराच्या या टोकाला, हिंजवडी त्या टोकाला. दोघं तांबडं फुटायच्या आत कंपनीची बस पकडत आणि रात्री जेवायच्या वेळेला परत येत, तेही पिळून काढलेल्या फडक्यासारखे. रविवार झोपण्यात जाई. परस आनंदीबाईंवर कोणी सोपवलं नाही, त्यांनीही ते मागून घेतलं नाही. फक्त एका सकाळी पोपटी रबरी बूट घालून त्या खुराड्यात अंथरलेलं, घाणीने भरलेलं भाताचं तूस खरवडत होत्या आणि त्यांच्या लक्षात आलं, हे काम गेले कित्येक दिवस आपणच करतोय.

मक्याचा भरडा, शिंपल्यांचा चुरा, पाण्याची भांडी. मानमोडी रोगाची लस, ती डोळ्यात थेंब थेंब घालायची. हातमोजे घालून एका हाताने कोंबडी काखोटीला मारायची आणि दुसऱ्या हाताने थेंब सोडायचा. टॉफीला सकाळ-संध्याकाळ फिरवायचं. मिरचीवर पानं आकसवणारा बोकड्या पडला की ताकाची फवारणी करायची. दुधी रातोरात हातभर वाढत आणि ते खायला घरात माणूस नसे. अंडी आनंदीबाई चिमट्याने उचलत.

पूर्वी त्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. निवृत्तीनंतर त्यांचं सगळं जग लक्ष्मी रोड ते मंडई एवढ्यात मावत असे आणि त्यात त्या राजासारख्या हिंडत. आता पुण्यात जायचं म्हणजे नगर रोडच्या गर्दीतून जाऊन-येऊन अर्धा दिवस. आणि मागे हे खटलं. भाच्याच्या मुलाच्या मुंजीला नाशिकला जायचं होतं, त्या आठवड्यात सलोनीच्या सॉफ्टवेअरचा रिलीज निघाला. ऑपरेटर मैत्रिणींचं संमेलन होतं, तेव्हा आमोद बंगलोरला गेलेला.

“आई, तू घरीच असतेस ना,” तो म्हणे. मनात काही वाईट नसे त्याच्या. हवामान सांगावं तसं सांगे. पण आनंदीबाईंना ते वाक्य ऐकलं की दाराला बाहेरून कडी लागल्यासारखं वाटे.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी त्या सकाळीच उठून बसल्या आणि ठरवलं, आज मंडईत जायचंच. आपल्या परसात ढीगभर भाजी असताना मंडईत कशाला, हे त्यांना कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आदल्या आठवड्यात शेजारच्या रानातून मुंगूस आलं होतं, म्हणून त्यांनी सगळ्या कोंबड्या खुराड्यात घातल्या, दाराला कडी लावली, जाळीवर फळी आडवी ठोकली. टॉफीला घरात ठेवलं. बसमध्ये खिडकी मिळाली तेव्हा त्यांना लाज वाटावी इतका आनंद झाला.

मंडईत ओले काजू आले होते, करवंदं आली होती. एका कैरीवाल्याच्या टोपलीशी त्या उगाच रेंगाळल्या. एक एक कैरी उचलून नाकाशी नेत होत्या.

“बाई, वास घेण्याचे पैसे नाहीत. सावकाश घ्या,” कैरीवाला म्हणाला.

किती महिन्यांनी त्यांना कुणी असं बोललं होतं! त्यांनी किलोभर कैऱ्या घेतल्या, शिवाय घासाघीस केली, शिवाय त्याच्याशी दोन शब्दांचं भांडण करून घेतलं. मग एका हॉटेलात बसून मिसळ खाल्ली. घड्याळ पाहिलं नाही.

परतताना येरवड्याच्या पुढे बस थांबली ती थांबलीच. पुढे कुठे तरी ट्रक बंद पडला होता. माणसं उतरून चालायला लागली. आनंदीबाई पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिल्या आणि त्यांना एकदम आठवलं, जाळीवर फळी आहे. वारा जायला जागाच नाही. वर पत्रा. पाण्याचं भांडं सकाळचं.

घरी पोहोचल्या तेव्हा संध्याकाळ कलली होती. चपला न काढता त्या मागे धावल्या. फळी ओढून काढली. आतून भट्टीसारखी वाफ आली. कोंबड्या चोची उघड्या टाकून, पंख पसरून धापा टाकत होत्या. त्यांतल्या तिघी कोपऱ्यात आडव्या पडलेल्या होत्या. या तिघींतली एक लाली. गेनबाकडून आणलेल्या पहिल्या पिल्लांपैकी ती, आमोदच्या खांद्यावर बसणारी. आनंदीबाईंनी तिला उचललं, चिमटा नाही, हातमोजे नाहीत, दोन्ही हातांनी उचललं आणि नळाखाली धरलं. मान एका बाजूला कलंडली.

आमोद आला तेव्हा त्यांनी सगळं सरळ सांगितलं. तो खुराड्याशी जाऊन उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते. ओरडला असता तर बरं झालं असतं.

“एकच दिवस होता गं आई,” एवढंच म्हणाला.

“हो. एकच होता,” आनंदीबाई म्हणाल्या. त्याला त्यातलं काही कळलं नाही.

त्या रविवारी तो झोपला नाही. शिडी लावून परसाच्या भिंतीवर त्याने ऐकता-बोलता येणारा कॅमेरा बसवला. वर खुराड्याला पंखा. “आता तुला टेन्शनच नको, आई. मी ऑफिसमधून लक्ष ठेवीन. तू बिनधास्त बाहेर जा.”

पण कॅमेऱ्याला हात नव्हते. भांडं रिकामं झालं तर तो भरत नसे, तो नुसता सांगे. सोमवारी दुपारी आनंदीबाई वाटी घेऊन पालक खुडत होत्या, आणि भिंतीतून आमोदचा आवाज आला, “आई, डावीकडचं पाणी संपलंय बघ.” त्या दचकल्या, कोंबड्या पळाल्या, टॉफी भिंतीकडे तोंड करून शेपूट हलवायला लागली. मंगळवारी तो म्हणाला, “आई, टॉफी वाफ्यात गेली.” बुधवारी, “आई, उन्हात टोपी घाल गं.” प्रेमानेच म्हणाला. पण त्या दिवसापासून आनंदीबाईंना परसात नाक खाजवायचीही चोरी झाली. पदर खोचताना, वाकताना, उगाच स्वतःशी पुटपुटताना त्यांची नजर त्या भिंतीवरच्या काळ्या डोळ्याकडे जाई. दुपारी दोन घटका जांभळाच्या सावलीत टेकत, तेही त्यांनी सोडून दिलं.

यमुनाबाईंची ओळख अशाच एका दुपारी झाली. परसाच्या भिंतीपलीकडे उंच इमारत होती. तिथल्या सातव्या मजल्यावर त्या मुलाकडे राहत. मूळच्या यवतमाळकडच्या. मुलगा सुदर्शन आणि सून उत्कर्षा कामावर गेली की दिवसभर एकट्या. टॉफीचा पट्टा निसटून ती त्यांच्या गेटशी पळाली, तेव्हा त्यांनीच तिला धरून आणलं.

“वरून दिसते ना मले समदं,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी तुमी कोंबडी नळाखाली धरली, तेबी दिसलं. लय वाईट वाटलं, ताई.”

आनंदीबाईंना वाटलं, म्हणजे वरूनही पाळत आहेच. पण यमुनाबाई आत आल्या, चप्पल काढून अनवाणी वाफ्यात उभ्या राहिल्या आणि त्यांनी असा श्वास सोडला की आनंदीबाई ते विसरूनच गेल्या.

“मातीले पाय लागून वर्ष झालं असंन,” यमुनाबाई म्हणाल्या. “लिफ्टनं खाली या, त समदीकडं फरशी. घरात जीव गुदमरते. मले इथं बसू द्याल का जी मधीमधी? मी काई बोलनार नाई.”

“बोललात तरी चालेल,” आनंदीबाई म्हणाल्या. “फक्त हळू बोला. भिंतीला कान आहेत, आणि ते हिंजवडीला आहेत.”

आमोद दुपारच्या मीटिंगमध्ये असे तेवढ्या वेळात यमुनाबाई रोज यायला लागल्या. कोंबड्यांचं त्यांना काही फारसं कळत नव्हतं; त्यांच्या घरी गुरं होती. पहिल्याच दिवशी त्यांनी मेथीचं रोप तण समजून उपटलं. पण दोन आठवड्यांत त्या पाणी भरू लागल्या, अंडी वेचू लागल्या, कोंबड्याला शिव्या देऊ लागल्या. आणि एका बुधवारी आनंदीबाईंनी मागच्या दाराची किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

“उद्या मला पुण्यात जायचंय. संध्याकाळपर्यंत बसाल?”

“संध्याकाळपर्यंत?” यमुनाबाईंचा चेहरा असा उजळला, जणू जायचं त्यांनाच होतं.

गुरुवारी आनंदीबाई शनिपाराशी उभ्या होत्या, तेव्हा फोन वाजला.

“आई, कुठायस तू? मागे कोणी तरी बाई शिरलीय! कोंबडी मांडीवर घेऊन बसलीय!”

“त्या यमुनाबाई. मागच्या इमारतीतल्या.”

“मी विचारलं ना कॅमेऱ्यातून, कोण तुम्ही म्हणून. तर त्याच मला विचारतायत, तुमी कुठून बोलून राहिले! तू किल्ली दिलीस? अनोळखी बाईला?”

“आमोद, तुला अनोळखी आहेत. ओळख व्हायला तू दिवसाउजेडी घरी कधी असतोस?”

 पलीकडे मागून कुणी तरी इंग्रजीत त्याचं नाव घेऊन हाक मारत होतं.

“अगं, पण मला आधी सांगायचंस ना.”

“मी तीन वर्षं सांगते आहे,” आनंदीबाई म्हणाल्या, आणि फोन बंद करून पिशवीच्या तळाशी टाकला.  पुढे जाऊन त्यांनी उसाचा रस घेतला. तो निम्माच संपला.

संध्याकाळी घरी आल्या, तर यमुनाबाई जांभळाखाली मांडी घालून बसल्या होत्या. पोपटी बूट बाजूला काढून ठेवले होते, पाय मातीने भरले होते. “इतक्या लवकर आल्या?” त्या म्हणाल्या, आणि मग घाईने उठायला लागल्या. आनंदीबाईंनी त्यांना बसवलं आणि चहा टाकला.

 जेवताना आमोद म्हणाला, “आई, तुला जड होत असेल तर देऊन टाकू कोंबड्या. गेनबाला रविवारी बोलावतो.”

“बोलाव,” आनंदीबाई म्हणाल्या. सलोनीने ताटातून मान वर केली आणि नवऱ्याकडे पाहिलं.

रविवार आला. आनंदीबाई ओट्याशी उभ्या राहून खिडकीतून बघत होत्या. आमोद फोन हातात घेऊन खुराड्याशी गेला. वाकून आत डोकावला. मग फोन खिशात घातला, खाली बसला आणि कोंबड्या त्याच्या अंगाखांद्यावरून जाऊ लागल्या. कितीतरी वेळ तो तसाच बसला होता. घराकडे पाठ होती, पण त्याचे खांदे सैल पडलेले आनंदीबाईंना दिसत होते. एरवी ते सतत ताठलेले असत. त्यांनी त्याला हाक मारली नाही, गेनबाचंही विचारलं नाही. आपल्याला कशाने बांधून ठेवलंय ते त्यांना त्या खिडकीत नीट कळलं, आणि ते कुणाला देऊन टाकता येण्यासारखं नव्हतं.

गेनबा आला नाही. कोंबड्या राहिल्या, कॅमेराही राहिला. सलोनीने फक्त एक केलं, कॅमेऱ्याचा आवाज बंद करून टाकला. आणि गुरुवार ठरून गेला. त्याबद्दल घरात चर्चा झाली नाही. आनंदीबाई बुधवारी जाहीर करत आणि गुरुवारी जात.

श्रावणात नाशिकहून भाचीचा फोन आला. तिच्या सुनेची पहिली मंगळागौर होती. “मावशी, चार दिवस आधी ये. काही कारण ऐकणार नाही.”

“गुरुवारी आहे का?” आनंदीबाईंनी विचारलं.

“अगं मावशी, मंगळागौर गुरुवारी कशी असेल?”

“तेही खरंच,” आनंदीबाई म्हणाल्या. “मग सून आणि फोटो घेऊन तूच ये इकडे. येताना पायात जुन्या चपला घाल.”

भाची हसली. तिला तो विनोद वाटला. आनंदीबाईंनी फोन ठेवला, बूट चढवले आणि अंधार पडायच्या आत कोंबड्या कोंडायला त्या मागे गेल्या.