मावशीच्या मागून गाणारी

छबूचा स्टुडिओ म्हणजे गॅरेजच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकून केलेली खोली. मोठी मावशी तिथे नातीसाठी अंगाई रेकॉर्ड करायला आली होती. मावशीचा सूर इतका पक्का, की तिच्यापुढे पेटीनेही बिचकावं.

पहिलं कडवं छबूला कोरडं वाटलं, म्हणून तिने डिले लावला. त्यामुळे गायलेली ओळ जराशाने मागून पुन्हा ऐकू येते. नुसता प्रतिध्वनी निर्जीव वाटेल म्हणून वर थोडं मॉड्युलेशन दिलं, म्हणजे परत येणारा सूर किंचित डुलतो.

मावशीने एक ओळ गायली आणि हेडफोन काढून मागे वळून पाहिलं.

"कोण गं ती? एक तर उशिरा येते, त्यात हलते."

"तुझाच आवाज आहे, मावशी."

"माझा सूर आयुष्यात हललेला नाही."

छबूने मॉड्युलेशनचं बटण शून्यावर आणलं.

"हा तर नुसता री ओढणारा पोपट झाला."

छबूने ते भरपूर फिरवलं.

"आता चक्कर येऊन पडेल ती."

हसू दाबत छबू बटण हळूहळू मागे आणू लागली. एका जागी मावशीने हात वर केला. मग एक ओळ गाऊन ती मुद्दाम थांबली. मागून सूर आला, रेंगाळत, थोडा कापत.

"ही तर आपली धाकटी," मावशी हळूच म्हणाली.

धाकटी म्हणजे छबूची आई. दोघी बहिणी जोडीने गायच्या. एका कार्यक्रमात मावशीने भर माइकवर "सूर धर" असं सुनावलं, आणि तेव्हापासून अबोला. निरोप छबूमार्फत जायचे, वाटेत छबू त्यातलं तिखट काढून टाकायची.

"बोलव तिला," मावशी म्हणाली.

"काय सांगू?"

"मशीनला तिचं काम जमत नाही म्हणावं."

आई आली ती हाताची घडी घालूनच. रेकॉर्डिंग ऐकून तिने थेट बहिणीलाच विचारलं, "मी इतकी हलते?"

"छे. तू जास्त हलतेस. पण तू मागे नसलीस की मला पुढची ओळ सुचत नाही."

आईने हाताची घडी सोडली. "सरक जरा," म्हणत माइकपाशी उभी राहिली.

छबू डिले बंद करायला गेली, तर आई म्हणाली, "राहू दे. मलाही एक लाव."

"म्हणजे आता दोघीजणी उशिरा येणार," मावशी म्हणाली.

आईला हसू फुटलं आणि तो टेक वाया गेला. छबूने तो पुसला मात्र नाही.