एक बाजू अभंग, एक बाजू लावणी

मी ग्रामोफोनची तबकडी बोलतेय, पण हळू. स्वयंपाकघरात ओव्हन तापतोय.

वय पन्नासच्या पुढे. किती पुढे, ते विचारू नका. जन्म इथलाच, कोलकात्याजवळच्या दमदमच्या रेकॉर्ड कारखान्यातला. माझ्या एका बाजूला अभंग, दुसऱ्या बाजूला लावणी. मला पहिल्यांदा वाजवून पाहिलं, तेव्हा हुगळीतल्या होड्या जागच्या जागी ठुमकल्या होत्या. खोटं वाटतंय? भीती वाटली की मी जरा वाढवूनच सांगते.

सांगलीच्या सुमनआजींनी मला विकत घेतलं. पुढे त्यांचा मुलगा श्रीकांत इथे कोलकात्यात, खिदिरपूरच्या गोदीवर कस्टम्सचा अधिकारी होऊन आला आणि आजींच्या ट्रंकेतून मी परत माहेरी आले.

आता त्याची पुन्हा बदली झालीय. आज सकाळपासून त्याने तबकड्या भरायला चार खोकी मांडलीत : भक्तिगीतं, लावण्या, नाट्यगीतं, भावगीतं. आलेला माल कुठल्या सदरात बसतो, हे ठरवण्यात त्याचा जन्म गेला. एक वस्तू, एक सदर. जी कुठेच बसत नाही, ती त्याच्या लेकीची, ऋताची. ती जुन्या तबकड्या ओव्हनमध्ये मऊ करून त्यांची वाडगी बनवते. काल एक गोव्याची बँडवाली तबकडी माझ्या शेजारी होती. आज तिच्यात चिवडा आहे.

"बाबा, ह्याचा बॉक्स कुठला?" ऋताने मला उचललं.

श्रीकांतने मला उलटसुलट केलं. "दोन्हीकडे बसणारा माल. अशा वेळी बघायचं, वापर कशासाठी होतो."

"भक्तीसाठी!" आजी खाटेवरून घाईने म्हणाल्या. "रोज सकाळी अभंग ऐकायचे ना मी. टाक तिकडे."

त्याने मला खिडकीच्या उजेडात धरलं. अहो, माझी अभंगाची बाजू आरशासारखी कोरी आहे! लावणीची घासून घासून पांढुरकी झालीय. घरात कुणी नसलं की दुपारी आजी दार लावायच्या, आवाज बारीक करायच्या आणि... पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

"आई, अभंग तर कधी वाजलेलाच दिसत नाही. आणि लावणी पार झिजलीय. कुणी वाजवली एवढी?"

आजी पदराशी चाळा करू लागल्या.

"मग अशी झिजलेली ठेवून काय करायचं? घे गं ऋता."

ओव्हनचं दार उघडलं. गरम झळ अंगावर आली. मी मनातल्या मनात अभंग म्हणू लागले, पण येईना. सवयच नाही ना!

"खबरदार!" आजी उठून उभ्या राहिल्या. "ठेव ती खाली. मी वाजवलीय. रोज दुपारी, पस्तीस वर्षं. नाचलेही आहे."

श्रीकांतच्या हातातलं पेन गळून पडलं. "आई... तू?"

"नाहीतर काय तुझा बाप?"

ऋता हसत हसत जमिनीवरच बसली. "आजी, तू डान्स केला? सच्ची?"

"आणि वाईट नाही हो नाचत."

श्रीकांतने पेन उचललं. "मग... लावण्यांच्या खोक्यात टाकू?"

"खोक्यात नंतर. आधी लाव. हिला दाखवते."

आणि मी फिरतेय. सुई बोथट आहे, खरखर होतेय, होऊ दे. पण आजींनी पदर खोचलाय. वय ब्याऐंशी, फरशी गुळगुळीत, आणि आता ढोलकी सुरू होईल.

अहो, कुणीतरी त्यांचा हात धरा हो!