जळलेल्या झाडाखालची फळं

अपोकाने घमेलं तिरकं केलं आणि शियाच्या झाडाची फळं गवतात सोडली. एकाच जागी पडली असती तर कुणी ओतल्यासारखी दिसली असती. म्हणून ती वाकत वाकत, दोन इथे, चार तिथे टाकत गेली. नुकतं फटफटत होतं. रात्रीच्या पावसाने तांबडी माती टाचांना चिकटत होती.

झाडं शेजारच्या लामिसीची. बुंधे अजून काळेच होते.

वणवा अडवायला अंगणाभोवतीचं गवत जाळून पट्टा करायचा तो पाऊस सरल्या सरल्या, गवतात ओल असताना. यंदा अपोकाचं ते राहून गेलं. हरमाटानच्या कोरड्या वाऱ्याचे दिवस सुरू झाले, शिया फुलावर आला, तेव्हा एका सकाळी तिने काडी ओढली. वारा निजलेला होता. ती चुलीवरचं भांडं उतरवायला आत गेली, आणि वाळवंटाकडून वारा उठला. आग थेट लामिसीच्या झाडांत शिरली.

हे तिनेच वर्षानुवर्षं शाळेत शिकवलं होतं. फळ्यावर ती दोन बाण काढी. समुद्राकडून येणारा ओला, वाळवंटाकडून येणारा कोरडा.

"आपण दोघांच्या मध्ये राहतो," ती मुलांना सांगे. "कोरडा बाण आला की?"

"काडीला हात नाही!" मुलं सुरात ओरडत.

त्या दिवसांत चहूकडेच धूर असतो. गावाने ओढ्यापलीकडून येऊन, गवत पेटवून रानउंदीर मारणाऱ्यांना शिव्या दिल्या. अपोका घागर घेऊन सगळ्यांबरोबर धावली होती, आणि गप्प राहिली होती. लामिसीचं वर्षाचं मीठ-कापड शियाच्या बियांतून काढलेल्या तुपावर चालायचं.

दुपारी लामिसी नेहमीसारखी अपोकाच्या अंगणात बिया फोडायला येऊन बसली.

"बाई, तू शिकलेली. एक सांग. फुलाशिवाय फळ धरतं का गं?"

अपोकाच्या हातातला दगड थांबला.

"शेंड्याला थोडी फुलं वाचली असतील."

"असतील. शेंड्यापर्यंत कुठं पोचते आता माझी नजर." लामिसी हसली. "पण कोपऱ्यातलं ते खोड? त्याला पानसुद्धा नाही. त्याच्याखाली आज ओंजळभर सापडली. मेलं मरता मरता बाळंत झालं म्हणायचं!"

अपोकाने हसायचा प्रयत्न केला. अंधारात तिला खोड ओळखू आलं नव्हतं. तिने एक बी दगडावर ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली.

"लामिसी, मी..."

"फोड गं आधी. बोलण्यानं बिया फुटत नाहीत."

दोघी फोडत राहिल्या. ऊन कलल्यावर लामिसीने टोपली डोक्यावर घेतली. फाटकाशी ती थांबली, पण वळली नाही.

"उद्या उजाडल्यावर ये. पावसानं साप बाहेर पडलेत. अंधारात पाय पडला तर मला कोण आहे दुसरं?"

कोंबड्या येऊन टरफलं उकरू लागल्या तरी अपोकाने त्यांना हाकललं नाही.

दुसऱ्या दिवशी ती ऊन वर आल्यावर निघाली. आडवाटेने नाही, विहिरीवरून, चिंचेखालून, भरलं घमेलं डोक्यावर घेऊन. रानातून बायका भरली घमेली घेऊन घराकडे येत होत्या. ती एकटीच रानाकडे चालली होती.

चिंचेखाली माणसं बसली होती. त्यांतला अतुबिगा तिच्याच वर्गात शिकलेला. तो मोठ्याने हसला.

"बाई, हे काय? सगळ्यांची फळं घरी येतात, तुमची परत झाडाकडं निघाली? बाण फिरला काय?"

माणसं हसली. अपोकाने घमेलं उतरवून जमिनीवर ठेवलं, आणि पूर्वी वर्ग शांत होईपर्यंत थांबे तशी थांबली.

"बाण फिरलेला मला दिसला होता, अतुबिगा," ती म्हणाली. "तरी काडी मी ओढली. सगळेच ऐका."