मागचं उजवं दार

"भास? मला भास होतोय? अहो, पंचवीस वर्षं कपडे शिवतेय मी. शिलाई अर्धा दोरा सरकली तरी मला हाताला कळतं, आणि तुम्ही मला भास सांगताय!"

शिवणवाल्या बाईंनी गाडीची चावी टेबलावर आपटली. शोरूमच्या साहेबांनी चावीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि गाडी विकताना वापरतात तेच हसू चेहऱ्यावर चढवलं.

"ताई, दाराची फट चार मिलिमीटरपर्यंत कंपनी चालवून घेते. तुमची साडेतीन भरते."

"वरती भरते साडेतीन. खाली माझं बोट जातं. हे बघा बोट. उदबत्ती आहे का ही?"

दाराशी उभ्या असलेल्या नख्याला हसू फुटलं. त्याने ते खोकल्यात ढकललं.

"तिसरी खेप आहे माझी," बाई म्हणाल्या. "पहिल्यांदा म्हणालात, रबर नवं आहे, बसेल. दुसऱ्यांदा तुमच्या माणसाने दाराला गुडघा लावून रेटलं. चार दिवस बरं होतं, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. माझी आई त्या बाजूला बसायला तयार नाही. म्हणते, कुणीतरी मानेवर फुंकर घालतंय."

"वय झालंय हो त्यांचं."

"वय आईचं झालंय. गाडी तर नवी आहे ना?"

 साहेबांनी तपासणीचा कागद ओढला, वर गाडीचा नंबर लिहिला आणि नख्यापुढे धरला.

"बघून घे. 'ठीक' लिहून सही कर आणि आणून दे. ताईंचंही समाधान."

नख्याने कागद घेतला. वर्कशॉपमध्ये त्याला खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. उजव्या अंगठ्याचं नख तो वाढवायचा आणि कानशीने घासून चौकोनी ठेवायचा. दार, डिकी, बोनेट, कुठलीही फट असो, वरून खाली नख फिरवलं की आकडा सांगायचा. बाकीचे मापाची पट्टी लावून बघायचे तर आकडा तोच. ही विद्या त्याला वस्तादांनी दिली होती. वस्ताद जाऊन सव्वा वर्ष झालं होतं.

"आधी रस्त्यावर चला," बाई म्हणाल्या. "तुम्हीच चालवा. साठच्या वर गेली की शीळ वाजते. मला खोटं पाडायचंय ना, मग ऐकून पाडा."

गाडी पांढरी होती. आत अजून प्लॅस्टिकचा वास होता. बाई मागे डाव्या बाजूला बसल्या आणि उजवीकडची जागा त्यांनी पर्स ठेवून अडवली. बाहेरच्या मोठ्या रस्त्याला लागल्यावर नख्याने वेग वाढवला. पन्नास. पंचावन्न. साठ.

शीळ वाजली.

नुसता वारा कसा वाजतो ते नख्याला माहीत होतं. ही तशी नव्हती. आधी वर चढलेली, मग खाली उतरलेली, दातांच्या फटीतून काढल्यासारखी. वस्ताद बोल्ट आवळताना अशीच काढायचे. बोल्ट लागला की थांबायची.

त्याने पाय उचलला. शीळ थांबली. पुन्हा दाबला. पुन्हा तीच, वर आणि मग खाली.

"ऐकलंत?" बाईंनी विचारलं.

"वारा आहे," नख्या म्हणाला.  परत येईपर्यंत त्याने गाडी पन्नासच्या पुढे नेली नाही.

शेडमध्ये गाडी उभी केल्यावर त्याने पहिलं काम केलं ते गुटक्यांचं. चाक अडवायचे चार लाकडी गुटके उचलून आणले, चारी चाकांना लावले आणि एकेक हाताने दाबून पाहिला.

"आला बघा, चारी पायांत बूट घालायला!" पलीकडून रंगारी ओरडला. "मोजेपण घाल रे!"

"तुझ्या तोंडात घालतो," नख्या म्हणाला, पण वर न बघता.

बाई स्टूल ओढून जवळच बसल्या होत्या. "हे कशाला? ब्रेक नाहीये का गाडीला?"

"आहे. पण जमीन नाल्याकडे उतरती आहे. आणि ट्रेलरवरून उतरलेल्या गाडीचा ब्रेक कुणी ओढलेला असेलच असं नाही. म्हणून इथली रीत आहे. दारावर एक माणूस, चाकावर एक. चाकावरच्याने गुटका लावायचा आणि ओरडायचं, 'लागला!' मगच दारावरच्याने दार उघडायचं."

"आणि तो वाकून बघत नाही, खरंच लागलाय का?"

"बघायचं नसतं. बघितलं म्हणजे त्याच्यावर विश्वास नाही असं होतं."

"मग तुम्ही का बघता?"

नख्या मागच्या उजव्या दाराकडे वळला. 

मागच्या कडेवरून त्याने नख फिरवलं. वर साडेतीन, मधे साडेचार, खाली सहा. बिजागरीच्या बाजूला उलट, खाली कडा जवळजवळ टेकलेली. दार नुसतं लटकलेलं नव्हतं, कुणीतरी ते उघडं असताना पुढे मुरगळल्यासारखं होतं. अशा दाराला गुडघा लावून काय होणार? त्याने दार उघडलं, आतून रबराचं टोक पकडलं आणि ओढत खाली आणलं. रबराच्या मागे दोन दारांमधल्या पिलरचा पत्रा उघडा पडला. तिथला रंग बाहेरच्यापेक्षा जुना होता. वरच्या बिजागरीच्या अंगाला निळ्या खडूचा एक बाण होता. वर तोंड केलेला. बाणाशेजारी दोनाचा आकडा. त्याची शेपूट उगाच लांब ओढलेली.

दोन मिलिमीटर वर घ्या.

अशी शेपूट एकच माणूस काढायचा.

नख्या तसाच वाकलेला राहिला. हातातलं रबर लोंबत होतं. ही गाडी कंपनीला परत पाठवली, असं साहेबांनी सगळ्यांना सांगितलं होतं. वस्ताद गेले त्या दिवशीचीही पांढरीच होती. पण पांढऱ्या तर सगळ्याच असतात.

त्या दिवशी सकाळी वस्तादांनी त्याला चारचौघांत झाडलं होतं. एकच दार तीन वेळा उतरवायला लावलं आणि वर म्हणाले, "नख वाढवलंस, नजर कधी वाढवणार?" रंगारी हसला. सगळे हसले. नख्याच्या डोक्यात तिडीक गेली ती दुपारपर्यंत उतरली नव्हती. ट्रेलरवरून गाडी उतरली, वस्ताद मागच्या उजव्या दाराशी जाऊन उभे राहिले. नख्या पाण्याच्या टाकीला टेकून उभा होता, दहा पावलांवर, गुटका हातात घेऊन.

"गुटका?" वस्तादांनी विचारलं.

"लागला!" नख्या ओरडला. टाकीजवळूनच.

लावणारच होता. जरा थांबू दे म्हाताऱ्याला, एवढंच मनात होतं. पण म्हाताऱ्याला वाट पाहायची नव्हती, कारण त्याने शब्द ऐकला होता. त्यांनी दार उघडलं, रबर ओढलं, खडूने खूण केली. शीळ घालत पाना लावला. गाडी मागे सरकली तेव्हा तिचा कसलाच आवाज झाला नाही. मागे सिमेंटचा खांब होता. गाडी आणि उघडं दार मागे येत राहिलं, आणि खांब आणि दार यांच्या मधे वस्ताद होते.

अपघाताच्या कागदावर लिहिलं गेलं, 'गुटका न लावता काम सुरू केले. चूक स्वतःची.' नख्याला कुणी फारसं विचारलं नाही. एकदा साहेबांनी विचारलं, तू कुठे होतास? पाणी पीत होतो, असं त्याने सांगितलं.

वस्तादांच्या घरी तो एकदाच गेला. काकू उंबऱ्यात उभ्या राहून एकच गोष्ट सांगत राहिल्या. "ते विसरणारे नव्हते रे. चप्पल काढली तरी दोन्ही टाचा सारख्या रेषेत ठेवायचे. ते कसे विसरतील? तू तर रोज बरोबर असायचास. तूच सांग." तो तसाच मागे फिरला. त्यानंतर काकूंचा फोन आला की तो फोन उलटा करून ठेवायचा.

"काय झालं?" स्टुलावरून बाईंनी विचारलं. "भूत बघितल्यासारखे काय उभे राहिलात?"

नख्या सरळ झाला. शेडच्या दारात साहेब उभे होते. त्यांची नजर लोंबणाऱ्या रबरावर होती.

"ताई, एक मिनिट हं," साहेब म्हणाले आणि नख्याला दंडाला धरून टाकीपाशी घेऊन गेले. बरोबर त्याच टाकीपाशी.

"बघितलंस."

"तुम्ही म्हणाला होतात परत पाठवली."

"कंपनी घेईना. वाकलेला पिलर ओढून घेतला, रंग मारला, वर्षभर मागे झाकून ठेवली. आत कोण बघतंय? दोन महिन्यांनी दार थोडं हललं, म्हणून काय गाडी चालत नाही?" साहेबांचा आवाज अगदी मऊ होता. "नख्या, त्या दिवशी इथे, या टाकीच्या बुडाशी एक गुटका पडला होता. चाकापासून दहा पावलांवर. तो मीच उचलला. कुणाला दाखवला नाही. तुझं नाव त्या कागदात कुठेच आलं नाही, ते काय आपोआप झालं?"

नख्या त्यांच्याकडे बघत राहिला. म्हणजे सव्वा वर्ष हा माणूस रोज सकाळी त्याला 'काय नख्या, बरं ना?' विचारत होता, ते हे माहीत असून.

"तू 'ठीक' लिही," साहेब म्हणाले. त्याच्या खांद्यावर दोनदा थोपटून ते आत गेले. "तुझंही ठीक, माझंही ठीक."

नख्या गाडीपाशी परत आला. पाना घेतला, वरच्या बिजागरीचे बोल्ट सैल केले, खालून दाराला खांदा दिला. बाणाने सांगितलं होतं तसं दोन मिलिमीटर वर घेतलं आणि आवळलं. शीळ घालायला तोंड आपोआप गोल झालं. त्याने ते मिटलं.

दार लावलं. वर फट सरळ आली. खाली नख घातलं तर अजून पाच. येणारच. खूण केली तेव्हा पिलर सरळ होता. वस्तादांचं माप त्या वेळच्या गाडीचं होतं.

"बसलं?" बाईंनी विचारलं.

"नाही. बसणारही नाही."

त्याने बोनेटवर कागद पसरला. 'शेरा' लिहिलेल्या रकान्यात लिहायला लागला. अक्षर शाळा सोडली तेव्हा होतं तसंच राहिलं होतं, वाकडंतिकडं, त्यामुळे वेळ लागला. गाडी विकण्याआधी आपटलेली आहे. पिलर ओढलेला आहे. खूण पिलरवर आहे, रबर काढून बघावी. खाली सही केली, या वेळी खऱ्या नावाने, आणि कागद बाईंच्या हातात दिला.

"हा साहेबांना देऊ नका. जपून ठेवा. रबराच्या आतल्या खुणेचा फोटो काढा, आत्ताच. आणि गाडी परत करा."

बाईंनी कागद दोनदा वाचला. मग उठून दारापाशी गेल्या, त्या निळ्या बाणाकडे वाकून पाहिलं. कापडावर खडूने खुणा करणाऱ्या बाईला खूण म्हणजे काय ते सांगावं लागलं नाही. त्यांनी त्या बाणाला बोट लावलं नाही.

"ज्याने ही काढली तो कुठाय?"

"मधे सापडला. दार आणि खांबाच्या."

बाईंचा हात पदरावर गेला. शेडमध्ये रंगाऱ्याचा कॉम्प्रेसर तेवढा धापा टाकत होता.

"तुम्ही मघाशी म्हणालात, गुटका लागल्यावर माणूस ओरडतो," त्या हळू बोलल्या. "मग त्या दिवशी कुणी ओरडलंच नाही का?"

नख्याने खाली वाकून पुढच्या चाकाखालचा गुटका ठोकून काढला. हातात धरला. साधा लाकडाचा तुकडा, एका बाजूला चाकाने काळा केलेला. त्याने तो काखेत घेतला, हात पुसले आणि खिशातला फोन काढून सुलटा केला.

"ओरडलं होतं," तो म्हणाला. "वस्ताद विसरले नव्हते. हे त्यांच्या घरी अजून कुणाला माहीत नाही. मला निघायला हवं आता."